पुढच्या सीटवरची कुजबूज

रंगभूमीवर मी राणी झाले, मग राणीची सासू झाले, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरी बसले. टाळ्या भरपूर मिळाल्या. आज मात्र जिच्याविषयी सांगणार आहे तिला आख्ख्या कारकिर्दीत एकही टाळी मिळाली नाही. तिचं कामच तसं होतं. ती प्रेक्षकांच्या लक्षात आली की त्या दिवशी नाटकाचा बोजवारा उडाला असं समजायचं.

ती आमच्या कंपनीची प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, काळ्या पडद्याच्या आडोशाला एका बुटक्या स्टुलावर बसायची. मांडीवर नाटकाची संहिता, संहितेवर बोट, आणि खांद्यावरून येणारा एका मिणमिणत्या दिव्याचा उजेड. नट अडखळला की ती शब्द द्यायची. तो शब्द विंगेतून निघून बरोब्बर त्या नटाच्या कानात शिरायचा. शेजारी उभ्या असलेल्या नटालासुद्धा पत्ता लागायचा नाही. तिचं खरं नाव पगाराच्या वेळी मॅनेजरला आठवायचं. बाकी सगळ्यांसाठी ती 'कुजबूज'. आम्ही जवळच्या मैत्रिणी झालो, तरी मीही तिला कुजबूजच म्हणते.

प्रॉम्प्टरचं काम सोपं वाटतं. वाचता आलं की झालं, असं. पण रंगमंचावर नट गप्प झाला की दोन शक्यता असतात. एक तर तो वाक्य विसरलाय, नाहीतर त्याने मुद्दाम विराम घेतलाय. एका नाटकात राणीला मुलगा गेल्याची बातमी कळते, आणि मी काहीच बोलायचे नाही. शेल्याचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहायचे. प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नसे. एकदा कुजबूज तापाने आडवी झाली आणि तिच्या जागी एक बदली प्रॉम्प्टर बसला. त्या बिचाऱ्याला वाटलं बाई अडकल्या. त्याने माझं वाक्य असं काही दिलं की तिसऱ्या रांगेतली माणसं हसली. मुलगा मेलेला, आणि माणसं हसताहेत!

कुजबुजीने असं कधी केलं नाही. मी तिला विचारलं होतं, "तुला कळतं कसं गं? मी तर दोन्ही वेळा गप्पच असते."

"तुझ्या खांद्यांवरून," ती म्हणाली. "विसरतेस तेव्हा खांदे पडतात. थांबतेस तेव्हा ते जड होतात."

तिचे आणखी दोन नियम होते. शब्द वेळेवर द्यायचा. लवकर दिला तर नट गोंधळतो, उशिरा दिला तर प्रेक्षक. आणि पुस्तकावरचं बोट उचलायचं नाही. नाटक कितीही पाठ झालेलं असो, प्रॉम्प्टरने आठवणीवर जायचं नाही.

आता ही बाई विंगेतून बसच्या पुढच्या सीटवर कशी आली ते ऐका.

आमचे दौरे असायचे. एक जुनी बस, टपावर नेपथ्य बांधलेलं, आत आम्ही आणि पेट्यांचा ढीग. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी मॅनेजर नकाशा घेऊन बसायचा. सपाटीवर त्याचं ठीक चालायचं, पण डोंगर लागला आणि कागदात डोकं घातलं की त्याला ओकारी यायची. मग एकेक नट पुढे जायचा आणि पांढराफटक होऊन परत यायचा. आमचा खलनायक, मिशीला पीळ देऊन आख्खं थिएटर हादरवणारा माणूस, दोन वळणांत लिंबू हुंगत मागे आला.

एका दुपारी बस फाट्यावर उभी राहिली. ड्रायव्हर वैतागून मागे वळला. "या बसमध्ये कुणाला वाचता येतं की नाही?"

सगळ्यात मागच्या बाकावर, जिथे बस सर्वांत जास्त आदळते तिथे, कुजबूज शेंगदाणे खात पुढच्या नाटकाची संहिता वाचत बसली होती. हलत्या दिव्याखाली वर्षानुवर्षं वाचून तिचं पोट पक्कं झालं होतं. ती शांतपणे पुढे आली, नकाशा मांडीवर घेतला, बोट ठेवलं.

बस निघाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "डावीकडे."

"बाई, जरा मोठ्याने बोलत चला!"

"तुम्हाला ऐकू आलं का?"

"आलं."

"मग वळा की."

त्या दिवसापासून ती सीट तिची झाली. आमच्या कपडेपटातल्या मास्तरांनी नकाशाच्या घड्या फाटू नयेत म्हणून त्याला मागून कापड चिकटवून दिलं. ते माझ्या राणीच्या जुन्या शेल्याचं हिरवं अस्तर होतं. नकाशा उघडला की मागून हिरवा झळकायचा.

ड्रायव्हर अबोल माणूस. पण थोड्याच दौऱ्यांत त्यांची अशी काही लय जमली की आम्ही बघत राहायचो. तिने "उजवीकडे" म्हणायचं आणि स्टिअरिंग फिरलेलंच असायचं. ती पाटी वाचून दाखवायची नाही, किती अंतर राहिलं ते सांगायची नाही, आधी सूचना द्यायची नाही. वळायच्या क्षणी एक शब्द, बस्स. आणि तो विचारायचा नाही, आरशात बघून नुसता वळायचा.

एकदा लांबच लांब सरळ रस्ता होता. फाटा नाही, वळण नाही, दोन्ही बाजूंना नुसती शेतं. अर्धी बस घोरत होती. आणि अचानक कुजबूज म्हणाली, "हो."

बस कुठेच वळली नाही. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर ड्रायव्हरचे कान लालबुंद. मग रिकाम्या रस्त्यावर त्याने उगाचच हॉर्न वाजवला. आम्ही सगळे दचकून उठलो. काय विचारलं होतं ते दोघांनी कधी सांगितलं नाही, पण महिन्याभरात लग्न झालं. तेव्हापासून तो माझा भावोजी, आणि मी त्याची 'राणीसरकार'.

पुढे कंपनी बंद पडली. भावोजी बेकरीची गाडी चालवायला लागले, कुजबूज छापखान्यात मुद्रितं तपासू लागली. त्यांना एक मुलगी झाली. ती शिकली, लग्न करून घाटापलीकडच्या गावात राहायला गेली. आणि मग दर वर्षी एकदा हे दोघे आपल्या छोट्या गाडीने लेकीकडे जायला लागले. मागच्या सीटवर थर्मास, उकडलेली अंडी आणि मी. पुढे नकाशा.

लेक म्हणायची, "अगं, बसने या, तीन तासांत याल." पण त्यांना तीन तासांत यायचंच नसायचं. घाटमाथ्यावर एक वळण आहे. जुना रस्ता तिथे नव्या रस्त्यापासून फुटून कड्यापर्यंत जातो आणि संपतो. खाली तळं दिसतं. भावोजी दर वर्षी तिथे गाडी नेऊन थांबवायचे. उतरायचे नाहीत, बोलायचे नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. कुजबूजही काही म्हणायची नाही. मी मागे अंडं सोलत असले तर सोलायचं थांबायचे. मग ते स्वतःच गाडी मागे घ्यायचे.

गेल्या वर्षी मात्र वेगळंच घडलं.

घाटाच्या अलीकडे एक फाटा येतो. कुजबूज म्हणाली, "उजवीकडे." आम्ही वळलो. रस्ता अरुंद झाला, मग कच्चा झाला, मग एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या फाटकासमोर संपला; पूर्वी तो तिथून पुढे घाटात जायचा. भावोजींनी गाडी थांबवली. असं कधी झालं नव्हतं. मी पुढे वाकून बघितलं, तर तिचं बोट नकाशावर होतं, अगदी नेमाने. पण नकाशा उलटा होता.

भावोजींनीही पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "केव्हापासून?"

"दिवाळीच्या," असं काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "बरेच दिवस झाले. मधोमध धुरकट डाग आहे. कडेचं दिसतं. तुमचा चेहरा नाही दिसत, कान दिसतात." नकाशाची घडी घालत म्हणाली, "रस्ता पाठ होता हो. पाठ होता म्हणून बोलले. रस्ताच बदलला."

आठवणीवर जायचं नाही, हा तिचाच नियम. तो मोडल्याचं तिला जितकं लागलं, तितकं डोळ्यांचंही लागलं नसावं.

डॉक्टर म्हणाले, डाग जाणार नाही. वाढू नये म्हणून औषधं चालू ठेवा. चालणं-फिरणं, घरकाम सगळं जमेल, बारीक अक्षर मात्र सुटलं. छापखान्याचं काम कधीच संपलं होतं, त्याची खंत नव्हती. पण एका संध्याकाळी मी गेले तेव्हा ती हिरव्या अस्तराचा नकाशा कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या खाली सरकवत होती.

"हे काय गं?"

"माझा प्रवेश संपला," ती म्हणाली. "आता यंदा मी गाडीत बसले तर सामान म्हणून."

"मी इतकी वर्षं सामान म्हणूनच बसत्येय की!"

"तुझी गोष्ट वेगळी. तू पहिल्यापासून सामान होतीस."

हसली खरी. पण मला कळलं, की हिला लेकीकडे जायचं नाहीये. म्हणजे जायचं होतं. पण त्या सीटवर बसून नुसतं खिडकीबाहेर बघत जायचं नव्हतं. आणि ती नाही म्हणाली असती तर भावोजी एकटे गेले नसते. मग गाडी विकायची गोष्ट निघाली असती. तो सगळा रस्ता मला स्वच्छ दिसत होता.

लेकीने आपल्या परीने तोड काढली. सुट्टीवर आली तेव्हा तिने बापासाठी मोठ्या पडद्याचा फोन आणला, गाडीच्या काचेवर तो अडकवायची कडी बसवली, आणि आईला म्हणाली, "आता कुणालाच काही वाचायला नको. हा सगळं बोलून सांगतो. आई, तू मागे मावशीशेजारी आरामात बस, पाय पसर, गप्पा मारा. इतकी वर्षं राबलीस."

तिचं काही चुकलं नव्हतं. पोरीने आईच्या डोळ्यांचा विचार केला होता. आई "बरं" म्हणाली. मला तिचे खांदे दिसले. पडले होते.

यंदा सकाळी निघालो. कुजबूज मागे, माझ्या शेजारी. पुढची सीट रिकामी. भावोजींनी निघताना त्या सीटकडे दोनदा बघितलं, मग आरशात आमच्याकडे.

फोनमधली बाई बोलू लागली. आवाज छान होता हो. उच्चार स्वच्छ, एक अक्षर खात नव्हती.

"नवी बाई बरी आहे की," मी म्हटलं.

"हं," कुजबूज म्हणाली.

"भाव नाही, पण पाठांतर चोख."

"हं."

शहर संपलं. रस्ता मोकळा झाला. आणि नवी बाई म्हणाली, "आठशे मीटरनंतर उजवीकडे वळा."

'उजवीकडे' हा शब्द कानावर पडला आणि भावोजींनी आरशात बघून गाडी उजवीकडे घातली. आठशे मीटर कुठले, आठ मीटरसुद्धा गेले नाहीत! गाडी एका उघड्या फाटकातून आत शिरली आणि कुंड्यांच्या दोन रांगांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रोपवाटिका होती. एक माळी हातात झारी घेऊन आमच्याकडे बघत होता.

"काय देऊ?" तो म्हणाला.

भावोजी घामाघूम. "जास्वंद," ते म्हणाले.

एवढी वर्षं शब्द मिळाला की वळायचं, ही त्यांच्या हाताची सवय. शब्द आधी मिळतो आणि वळण नंतर येतं, हे त्या हातांना ठाऊकच नव्हतं. जास्वंदाची कुंडी घेऊन आम्ही बाहेर पडलो. ती माझ्या आणि कुजबुजीच्या मध्ये बसली. फुलाची एक फांदी माझ्या चष्म्यात.

"अहो, ती आधीपासून सांगते," कुजबूज मागून म्हणाली. "ऐकून ठेवायचं, मग वळायचं."

"ऐकून ठेवतो," भावोजी म्हणाले.

पुढच्या वेळी त्यांनी इतकं ऐकून ठेवलं की वळायचं राहूनच गेलं. नवी बाई म्हणाली मार्ग पुन्हा शोधते आहे. मग म्हणाली यू-टर्न घ्या. भावोजींनी शब्द मिळाल्यासरशी गाडी वळवायला घेतली, तोच मागून एका ट्रकने असा हॉर्न दिला की जास्वंदाची दोन पानं गळाली. शपथेवर सांगते, गळाली. ट्रक बाजूने निघून गेला. भावोजींनी कशीबशी गाडी एका झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले.

नवी बाई अजून बोलतच होती.

"नाही जमत मला," भावोजी म्हणाले. "तिचं चुकत नाही, माझंच चुकतं. परत फिरू. पोरीला फोन करून सांगू, बसने येऊ. गाडीचं काय ते नंतर बघू."

मी थर्मास उघडला आणि परत लावला. एका जागी बसून, समोर चाललेलं सगळं बघत, संवाद तोंडात नसणं हा माझ्यासारखीला शिक्षाच. पण तो माझा प्रवेश नव्हता.

कुजबूज डोळे मिटून बसली होती. मला वाटलं रडते आहे. पण ती ऐकत होती. नवी बाई तेच तेच सांगत होती आणि ही कान देऊन ऐकत होती. नवीन नाटकाच्या पहिल्या वाचनाला ऐकायची तशी.

"सगळंच वाचते हो ती," कुजबूज शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"पुस्तकात जेवढं आहे तेवढं सगळं वाचते. रंगसूचनासुद्धा वाचते. नवखे प्रॉम्प्टर असंच करतात. 'राजा उजवीकडून येतो' हेही नटाला ऐकवतात." ती पुढे वाकली. "ती द्या बघू माझ्याकडे."

"कुणाला?"

"तुमच्या बाईला. आणि लेकीने खोक्यात कानात घालायची वायर दिली होती ती कुठाय?"

वायर माझ्या पिशवीत होती, अंड्यांच्या डब्याखाली. जोडायला आम्हा तिघांना जी कसरत करावी लागली तिच्यावर एक वेगळा फार्स होईल. एकदा फोन बंद पडला, एकदा गाणं सुरू झालं. शेवटी जमलं. कुजबूज मागचं दार उघडून उतरली, गाडीला हात लावत लावत पुढे आली आणि आपल्या सीटवर बसली. एका कानात वायर घातली.

"डावा कान तिला," ती म्हणाली. "उजवा तुम्हाला मोकळा. चला."

भावोजींनी इंजिन सुरू केलं.

आता गाडीत शांतता. नवी बाई फक्त कुजबुजीच्या डाव्या कानात बोलत होती. ती काय काय सांगत होती कोण जाणे. अंतरं, रस्त्यांची नावं, क्रमांक. कुजबूज त्यातलं काहीच पुढे सरकू देत नव्हती. मी मागून तिची मान बघत होते. वळण जवळ आलं की ती किंचित पुढे व्हायची. मधला डाग असू दे, कडेने झाडं सरकताना तिला दिसत होती, गाडी हळू झालेली अंगाला कळत होती. आणि मग तोच जुना आवाज, विंगेतून निघून एकाच कानात शिरणारा.

"उजवीकडे."

स्टिअरिंग फिरलं. मला मागे बसून तो शब्द ऐकू आला असं म्हणवत नाही. पण गाडी बरोबर रस्त्यावर होती.

मी टाळी वाजवली. मला राहवलंच नाही.

"श्श!" दोघंही एकदम म्हणाली.

मग तो फाटा आला. गेल्या वर्षीचा, खाणीकडे नेणारा. तिला तो रस्ता इतक्या वर्षांचा पाठ, उजवीकडचा. तिचं बोट मांडीवर हललेलं मी पाहिलं, कारण नकाशा नसला तरी बोट ठेवायची सवय गेली नव्हती. बोट उजवीकडे सरकलं. थांबलं.

"डावीकडे," ती म्हणाली.

गाडी डावीकडे वळली. रुंद, नवाकोरा रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. एक नवा पूल.

"आपल्या नकाशात हा नाही," भावोजी म्हणाले.

"नाहीच," ती म्हणाली. "पुस्तक नवं आहे. माझं बोट जुनं." आणि थोड्या वेळाने, "पण ही बाई बरी आहे हो. मेहनती आहे. तालमीत घेतली तर तयार होईल."

उशीर झाला होता, म्हणून घाटमाथ्यावर न थांबताच आम्ही उतरलो. लेक फाटकात वाट बघत उभी होती. आईला पुढच्या सीटवर, कानात वायर घालून बसलेली बघून तिने कपाळावर हात मारला.

"आई! अगं तुला मागे आराम करायला सांगितलं होतं ना? आणि हे कानात काय? बाबा, फोन बोलत नाही का?"

"बोलतो की," भावोजी म्हणाले. "माझ्याशी नाही, तुझ्या आईशी बोलतो. मग ती माझ्याशी बोलते."

"अहो पण तो थेट तुमच्याशी बोलावा म्हणून तर..."

"थेट बोलला त्याचं हे बक्षीस," मी म्हटलं आणि तिच्या हातात जास्वंदाची कुंडी दिली.

सगळी हकीकत सांगेपर्यंत चहा निवला. लेक आधी घाबरली, ट्रकचं ऐकून रागावली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आईशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "मला वाटलं तुला त्रास होत असेल गं वाचायचा. म्हणून मी..."

"वाचायचा त्रास होतोच," कुजबूज म्हणाली. "ते तू सोडवलंस. माझं वाचणं गेलं होतं, सांगणं कुठे गेलं होतं?"

त्यावर लेकीने एक काम केलं, ते मला फार आवडलं. ती उठली, फोन घेतला आणि आईला विचारलं, "मग तुला तो कसा बोलायला हवाय?" संध्याकाळभर दोघी त्या फोनशी खेळत बसल्या. आवाज हळू हवा, अंतर उशिरा सांगायला हवं, रस्त्यांची नावं नकोत. काही जमलं, काही त्या यंत्राला जमत नव्हतं. जे जमत नव्हतं त्यावर कुजबूज म्हणायची, "राहू दे, ते मी गाळेन."

नकाशा? तो मी विसरत नाहीये. परत निघायच्या सकाळी भावोजींनी आपल्या पिशवीतून तो काढला. कपाटाच्या वरच्या फळीवरून, चादरींच्या खालून, त्यांनी तो गुपचूप बरोबर घेतला होता. घडी न उघडता त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला, हिरवं अस्तर वर करून.

"याचं काय करू मी?" ती म्हणाली.

"बोट ठेव," ते म्हणाले.

तिने ठेवलं. कापडाच्या घड्या तिला बोटाने कळत होत्या. गावांची नावं वाचता येत नव्हती, पण कोणत्या घडीवर घाट सुरू होतो आणि कुठे संपतो हे हाताला ठाऊक होतं. कानात नवी बाई, बोटाखाली जुना नकाशा. मागे मी, सामान, नेहमीसारखी. जास्वंद गेल्यामुळे पाय पसरायला जागा झाली होती.

घाट चढलो. ऊन छान पडलं होतं. माथा आला आणि भावोजींनी नवा रस्ता सोडला, जुन्या रस्त्याला लागले, कड्यापाशी जाऊन गाडी उभी केली. खाली तळं. दूरवर एक होडी, कागदाच्या तुकड्याएवढी.

ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

कुजबुजीच्या कानातल्या वायरमधून बारीक चिवचिव मला मागेसुद्धा ऐकू येत होती. नवी बाई कासावीस झाली होती. मी जरा वेळ दम धरला, मग पुढे वाकून हळूच विचारलं, "काय म्हणतेय गं ती?"

"म्हणतेय, मागे वळा. सारखं म्हणतेय."

"मग सांग ना त्यांना."

कुजबूज भावोजींकडे वळली. चेहरा तिला दिसत नव्हता. ती कडेकडेने त्यांचे खांदे बघत होती.

"नको," ती म्हणाली. "विसरले नाहीत ते. थांबलेत."